पॉइंट काढले तो पावसाळा

इगतपुरीत आषाढ लागला की पाऊस थांबायची वाट कुणी बघत नाही. कपडे घरातच दोऱ्यांवर लोंबत असतात, उशीला दमट वास येतो, काड्यापेटीतल्या चार काड्या वाया गेल्यावर पाचवी पेटते, आणि पत्र्यावरच्या आवाजामुळे घरातली माणसं भांडल्यासारखी मोठ्यानं बोलतात. यंदाही तसंच आहे. शनिवारी मी नाशिकहून घरी आले. रविवारी सकाळी अंथरुणातच होते, तेवढ्यात खाली अण्णांनी गाडीचा सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तरी माझी बोटं आपोआप मोजायला लागली. एक, दोन, तीन. दोन पावसाळ्यांपूर्वी लागलेली ही सवय. त्या वर्षी सकाळी साडेआठला गाडी कितव्या झटक्याला सुरू होते, यावर आमचा अख्खा दिवस ठरायचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आणि गाडी म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीची, चार दारांची, पुढे एकसलग बाक असलेली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेली जुनी गाडी. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी साहेबांकडून अण्णांनी ती घेतली तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून दर रविवारी अण्णा बॉनेट उघडून उभे, हे दृश्य आमच्या घरात देवपूजेइतकं ठरलेलं.

त्या वर्षी होळीच्या सुमारास आईच्या डाव्या बाजूला छातीत गाठ सापडली. तिलाच सापडली, अंघोळ करताना. पंधरा दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस भाजी निवडता निवडता मला फोनवर म्हणाली, "मनू, तुझ्या ओळखीची कुणी बाई डॉक्टर आहे का गं? बाईच हवी." तिच्या त्या साध्या आवाजावरूनच मला कळलं.

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. गाठ लहान होती म्हणून मोठी औषधं, म्हणजे केमो, टळली, पण रेडिएशन मात्र चुकणार नव्हतं. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज एक सिटिंग. एकूण पंचवीस. आणि ते नेमकं आषाढात आलं.

माझं घर नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आहे. मी एकटी असते, कॉलेजात शिकवते. आईनं पाच आठवडे माझ्याकडे राहावं, हे मी गृहीतच धरलं होतं. आई म्हणाली, "दिवसा तुम्ही म्हणाल तिथं मला न्या. संध्याकाळी मात्र माझ्या घरी आणून सोडायचं. तेवढं करा." मग रोजच्या येण्याजाण्याला गाडी बघू लागलो. भाड्याच्या गाडीत काचा बंद, वर तो सुगंधी डबीचा वास. आई एकदाच बसली आणि घोटीच्या आत दोनदा उलटी झाली. म्हणून अण्णांची गाडी. तिच्या काचा हातानं फिरवून हव्या तेवढ्या खाली घेता येत आणि पुढच्या बाकावर आईला अंग सैल सोडून बसता येई. मी रजा काढली, आईवडिलांकडे राहायला आले आणि मागच्या सीटवर बसायला लागले.

पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या मुलीनं आईच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा मारून दिल्या. मशीनचा झोत कुठं पडायचा, त्याच्या खुणा. म्हणाली, "मावशी, या पुसायच्या नाहीत. पाणी लागू द्यायचं नाही." आईनं माझ्याकडे बघितलं. इगतपुरीच्या माणसाला आषाढात पाणी लागू देऊ नका म्हणणं! आई हसली. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून दारापासून गाडीपर्यंतची आठ पावलं मी रोज मोठा प्लॅस्टिकचा कागद तिच्या डोक्यावर धरून तिला नेत असे, आणि रोज वाटे, आज एखादी रेघ गेली असणार.

आता गाडीच्या पॉइंटांबद्दल थोडं सांगायला हवं. मला हे सगळं अण्णांमुळे माहीत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडावी लागते आणि ती बरोबर वेळेला पडावी लागते. जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्यूटर नावाच्या वाटीएवढ्या डब्यात चालतं. आत धातूचे दोन बारीक ठिपके असतात, तांदळाच्या कणीपेक्षा थोडे मोठे. तेच पॉइंट. इंजिन फिरतं तसे ते मिनिटाला हजारो वेळा उघडतात, मिटतात, आणि प्रत्येक उघडण्याबरोबर एक ठिणगी पडते. उघडल्यावर दोघांत किती फट राहावी याचं माप ठरलेलं असतं. पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. ती कमीजास्त झाली, पॉइंट जळून खडबडीत झाले किंवा आत ओल शिरली की गाडी खोकायला लागते, मग धक्के देते, मग थांबते.

अण्णांना या फटीचं वेड होतं. त्यांच्याकडे पातळ पोलादी पात्यांचा एक जुडगा होता. हवं ते पातं निवडून ते पॉइंटांत सरकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "लोण्यात सुरी जाते तसं गेलं पाहिजे. अडलंही नाही पाहिजे, ढिलंही नाही." लहानपणी मला ते करून बघू द्यायचे. मला कधीच कळलं नाही.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी घोटी सोडल्यावर गाडी खोकली. एकदाच, फट् करून. अण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. तेव्हापासून मला आई दिसेनाशी झाली. मी फक्त इंजिन ऐकत होते. बाहेर भाताची खाचरं काठोकाठ भरलेली, ढग डोंगरावरून ओघळत रस्त्यापर्यंत आलेले, आणि मी मान खाली घालून पायाखालच्या थरथरीकडे कान लावून बसलेली. वाडीवऱ्हे आलं की जरा बरं वाटे, विल्होळीला पाऊस विरळ होई, आणि नाशकात शिरताना बऱ्याचदा चक्क ऊन असे. त्या उन्हात आल्यावर कळायचं की मी पाऊणएक तास जबडा घट्ट आवळून बसले होते.

आठव्या दिवशी गाडी पंधरा मिनिटं थांबली. अण्णांनी झाकण काढून पॉइंट फडक्यानं पुसले, काचकागदाची पट्टी फिरवली, गाडी सुरू झाली. आम्ही धावतपळत पोचलो. दहाव्या दिवशी सुरू झाली नाही.

मुंढेगावच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. मी बॉनेटवर तो प्लॅस्टिकचा कागद ताणून धरला होता, अण्णा आत वाकले होते. ट्रक जवळून जात आणि चिखलपाणी कमरेपर्यंत उडे. अण्णा पातं सरकवत, मान हलवत, स्क्रू ढिला करत, पुन्हा सरकवत. सेल्फ मारला की इंजिन नुसतं कण्हायचं. अर्धा तास. पाऊण तास. मी घड्याळात बघणं बंद केलं. फोनवरून दुसरी गाडी मागवायला बघितली, तर त्या पावसात तासाच्या आत कुणी यायला तयार नव्हतं.

रस्त्यालगतच्या खाचरात आवणी चालली होती. भाताची रोपं लावणाऱ्या पाचसात बायका, पाठीवर प्लॅस्टिकची इरली. त्यांतली एक वयस्कर बाई बांध चढून आली आणि आईच्या खिडकीशी उभी राहिली.

"लय येळ झाला, गाडी उभी हाय. कुनी पेशंट हाय का?"

"मीच आहे पेशंट," आई म्हणाली.

"तुमी? तुमी तं चांगल्या दिसता."

"दिसते हो. आवणी उरकत आली का?"

"आज उरकंल. तुमची शेती हाय?"

"माहेरी होती, घोटीकडं. लग्नापर्यंत मीही लावलीत रोपं. आता हा हात वर जात नाही." आईनं डावा हात उचलून दाखवला. खांद्याच्या खालीच अडला.

बाईनं तो हात निरखून बघितला, एखादी वस्तू बघावी तसा. "माझा खांदा असाच धरला व्हता. मंग मी उंच दोरी बांधली अन् रोज लुगडं वाळत घालायची. रडत रडत घालायची. जाईल वर. नाय कसा जाणार?"

मी हे सगळं ऐकत होते, पण जणू दुसऱ्या कुणाच्या घरातलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकावं तसं. माझ्या डोक्यात फक्त सिटिंगचे साडेदहा वाजत होते.

गाडी सुरू झाली तेव्हा पावणेअकरा होऊन गेले होते. दवाखान्यात पोचलो तर पुढचे नंबर लागलेले, आणि दुपारी मशीनची तपासणी. ती मुलगी बिचारी चांगलीच होती. म्हणाली, "आजचं राहू द्या काका, शेवटी एक दिवस वाढवू. पण असा गॅप पडू देऊ नका हं."

गॅप. अण्णांचा चेहरा पडला. पॉइंटांच्या फटीलाही ते गॅपच म्हणत; सकाळभर त्यांच्या हातात तोच शब्द होता.

पार्किंगमध्ये मी फुटले. "अण्णा, ते पॉइंट काढून टाका. हल्ली इलेक्ट्रॉनिक बसवतात, पॉइंटच राहत नाहीत. गॅरेजात युसूफभाई गेल्या दिवाळीपासून सांगतायत तुम्हाला."

"माहीत आहे मला."

"मग?"

"पॉइंट बिघडले तर आधी सांगतात. खोकतात, धक्का देतात. रस्त्यात उतरून मी काहीतरी करू शकतो. ती इलेक्ट्रॉनिकची डबी एकदा गेली की गेली. न सांगता. मग मी काय करायचं? पावसात उभं राहून डबीला नमस्कार करायचा?"

"आज तुम्ही काय केलंत मग?"

हे बोलायला नको होतं. आई खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही खोकली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सुट्टी. दुपारी मी ओटीवर आले तर अण्णा पॉइंटांचा सुटा जोड हातात घेऊन बसले होते. डिकीत ते नेहमी एक जादा जोड ठेवत. पात्यांचा जुडगा उजेडाकडे धरून ते एकेक पातं डोळ्यांजवळ नेत होते, लांब नेत होते. मला बघून थांबले. मग म्हणाले, "मनू, यावर आकडा काय आहे बघ."

मी वाचून दाखवला. ते भलतंच पातं होतं.

"काल हेच घातलं होतं मी," अण्णा म्हणाले.

मी जुडगा त्यांच्या हातात परत दिला.

"लांबचं मला स्वच्छ दिसतं. गाडी चालवायला काही अडचण नाही. पण हे बारीक… वर्षभर झालं. चष्म्यातूनसुद्धा फट दिसत नाही. हाताच्या अंदाजानं लावत होतो. आणि हातही आता…" त्यांनी बोटं पसरून दाखवली. पात्यांचा जुडगा बारीक किणकिणत होता. "ओल नव्हती गं. म्हणजे ओलही असेल. पण तिचं सिटिंग मी चुकवलं."

माझे वडील माझ्यासमोर कधी कमी पडले नव्हते, किंवा मी तसं बघितलं नव्हतं. आतून आईच्या खोकण्याचा आवाज आला आणि आम्ही दोघंही एकदम तिकडे बघायला लागलो. मग अण्णांनी फोन उचलला. "युसूफभाई, उद्या रविवार आहे, पण… हो. हो. ते इलेक्ट्रॉनिकचं."

युसूफभाईंचं गॅरेज नाशकात द्वारका चौकाजवळ आहे. म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन गाड्यांची जागा, आणि भिंतीवर टांगलेल्या वायरींची भेंडोळी. स्वतः युसूफभाई साठीचे, पांढरी दाढी, कपाळावर चढवलेला चष्मा. गाडीच्या विजेच्या कामात नाशकात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं अण्णाच म्हणायचे. रविवारी ते फक्त आमच्यासाठी आले होते.

"सामान तर मी मागवूनच ठेवलं होतं, अण्णा. मला माहीत होतं तुम्ही येणार," ते म्हणाले आणि कागदात गुंडाळलेली वस्तू बाकड्यावर ठेवली. काड्यापेटीहून लहान काळी डबी, तिला दोन वायरी, आणि एक काळी गोल चकती. "या चकतीत चुंबक आहेत. ही फिरणार, आणि डबी ओळखणार की आता ठिणगी पाडायची. काही घासत नाही, काही झिजत नाही. पाणी, धूळ, काही फरक नाही."

"आणि बंद पडली तर?"

"तर बदलायची."

"रस्त्यात?"

युसूफभाईंनी चष्मा खाली घेतला. "अण्णा, रस्त्यात तर माणूस पण बंद पडतो. खोटं नाही बोलणार, हे कधी सांगून जाणार नाही. पण जाणं फार कमी. आणि तुमचे पॉइंट डिकीत ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे परत बसवायला, कोणीही बसवून देईल."

झाकण निघालं. आतला रोटर निघाला. मग युसूफभाई हात पुसत बाजूला झाले. "पॉइंट तुम्ही काढा. तुम्ही लावलेत, तुम्हीच काढा."

अण्णा वाकले. तो छोटा स्क्रू त्यांना पहिल्या दोन वेळा सापडला नाही. तिसऱ्यांदा पेचकस बसला. मी दुसरीकडे बघत होते. समोर एक बाई ओल्या रस्त्यावरून मक्याच्या कणसांची हातगाडी ढकलत होती. पॉइंट निघाले. अण्णांनी ते तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि रुमालात गुंडाळले.

डबी बसली, चकती बसली, लाल वायर ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉईलच्या एका टोकाला, काळी दुसऱ्या. "उलटं लागलं तर डबी जळून जाईल," युसूफभाई म्हणाले. त्यांनी तीनदा तपासलं. अण्णांनी चौथ्यांदा. मग झाकण लागलं आणि अण्णा आत बसले. सेल्फ मारला.

नुसतं कण्हणं. पुन्हा. पुन्हा तेच.

 उद्या साडेदहाला ते चुकलेलं दहावं सिटिंग. आता ना पॉइंट, ना डबी. अण्णा स्टिअरिंग धरून समोर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बरोबर ठरल्याचं समाधानही नव्हतं. नुसती भीती होती, माझ्याइतकीच.

युसूफभाई कॉईलवर बोट ठेवून विचार करत उभे राहिले. मग त्यांनी हळूच शर्टाचा खिसा चाचपला. "या अल्ला," ते म्हणाले. "रोटर तर माझ्या खिशात."

रोटर म्हणजे ती ठिणगी एकेका प्लगला वाटणारा तुकडा. तो न लावताच झाकण लावलं होतं. आधी युसूफभाई हसले, मग अण्णा, आणि मला रडू आलं. रोटर लागला. या वेळी सेल्फला जेमतेम हात लागला आणि इंजिन सुरू झालं. युसूफभाईंनी लुकलुकणारा दिवा धरून ठिणगीची वेळ जुळवली. आवाज सपाट, एकसारखा झाला. अण्णा बराच वेळ मान तिरकी करून ऐकत राहिले.

"काय म्हणता?" युसूफभाईंनी विचारलं.

"आवाज चांगला आहे," अण्णा म्हणाले. "आता मी काय करायचं?"

"तुम्ही? तुम्ही चालवा फक्त."

सोमवारी धो धो पाऊस होता. मुंढेगाव आलं, गेलं.  गाडी खोकली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. मला वाटलं होतं की आता मी निवांत बसेन, बाहेरची हिरवळ बघेन. तसं झालं नाही. इंजिन ऐकायचं उरलं नाही म्हणून मी आईला ऐकायला लागले. तिचा श्वास. तिनं गिळलेला आवंढा. तिची मान कलली की वाटे, ही झोप की गुंगी? तिची कातडी आता लाल होऊ लागली होती, काखेत सोलवटली होती. ती तक्रार करायची नाही. अण्णांची तीच गत. पूर्वी काळजी वाटली की त्यांना बॉनेट उघडता येई. आता दवाखान्याच्या बाकावर ते नुसते बसून असत, मांडीवर पालथे हात ठेवून. दरवाज्यावरचा लाल दिवा लागला की आत आई एकटी आणि बाहेर आम्ही. अण्णा त्या दिव्याकडे बघत. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि उतरून काही करण्यासारखं नव्हतं.

सतराव्या सिटिंगनंतर परत येताना आई अचानक म्हणाली, "अहो, गाडी थांबवा."

अण्णांनी घाईघाईनं कडेला घेतली. मी पिशवी शोधायला लागले. उलटी येतेय असंच आम्हा दोघांना वाटलं.

"काही होत नाहीये मला," आई म्हणाली. "नुसती थांबवा. जरा इंजिन बंद करा."

पाऊस थांबला होता. खाचरांत रोपं उभी राहिली होती, पाण्यात आभाळ दिसत होतं. कुठंतरी बगळ्यांचा थवा उतरला. आई काच खाली करून बघत राहिली.

"आता ही बंद पडत नाही," ती म्हणाली.

"नाही पडणार," अण्णा म्हणाले.

"मला सवय झाली होती हो. बंद पडली की बरं वाटायचं मला."

अण्णा बाकावर तिच्याकडे वळून बसले.

"त्या दिवशी ती बाई बोलली ना माझ्याशी, आवणीवाली. दीड तास आपण उभे होतो. तुम्ही घाबरलेले, मनू घाबरलेली. आणि मला इतकं बरं वाटलं. आज जायचं नाही. आज त्या गार टेबलावर निजायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. मी मनात म्हणत होते, नको सुरू होऊ. आणखी जरा वेळ नको." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग तुम्ही दोघं भांडलात पार्किंगमध्ये. मला वाटलं, मी मागितलं म्हणूनच झालं हे."

आणि मग ती रडली. गाठ सापडली तेव्हा, ऑपरेशनच्या आधी, टाके काढताना, कधीच रडली नव्हती. त्या मोकळ्या रस्त्यावर, सुरळीत चालणाऱ्या गाडीत बसून रडली. अण्णांना काय करावं सुचेना. त्यांनी आधी खिशातून किल्ल्या काढल्या, मग पुन्हा ठेवल्या, आणि शेवटी बाकावरून सरकत तिच्याजवळ गेले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्यांनी तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. मी दार उघडून बाहेर उतरले आणि बांधावर जाऊन उभी राहिले.

इतके दिवस आम्ही दोघं तिला वेळेवर पोचवायच्या मागे होतो, आणि तिला जायचंच नव्हतं. जात होती, रोज जात होती, कारण आम्हाला तिला न्यायचं होतं. हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती काही सांगत नव्हती, आणि आम्ही फक्त गाडीचं ऐकत होतो.

त्या दिवसापासून परतताना रोज थांबायचं ठरलं. कुठंही, आई म्हणेल तिथं, ती म्हणेल तोवर. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. कधी ती खाली उतरे, कधी नुसती बसून राही. सगळी सिटिंग पुरी झाली तेव्हा श्रावण लागला होता. खुणा पुसायला परवानगी मिळाली. आईनं त्या संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेऊन अंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "शाई जात नाही पटकन."

हात मात्र वर जाईना. थंडीत डॉक्टरांनी पुन्हा व्यायाम सांगितले. आई दोनचार दिवस करी, सोडून देई. मग एका रविवारी जेवताना म्हणाली, "मला गाडी शिकवा."

अण्णांचा घास हातातच राहिला. माझ्या लहानपणी तिनं हेच मागितलं होतं म्हणे, आणि अण्णांनी सांगितलं होतं, ही गाडी रस्त्यात बंद पडते, तू एकटी काय करशील? आता आईनं तेच पुढे केलं. "आता बंद पडत नाही ना? मग काय अडचण आहे? आणि त्या दांड्याचा गिअर डाव्या हातानंच टाकायचा असतो. तेवढाच व्यायाम होईल."

त्रेसष्टाव्या वर्षी माझी आई गाडी शिकली. आधी मैदानात, मग गावात, मग घोटीपर्यंत. पहिल्या गिअरसाठी दांडा उचलताना तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. अण्णा बाजूला बसून "हळू, हळू" म्हणायचे. होळीपर्यंत तिचा हात कानापर्यंत जायला लागला, आणि परवानाही हातात आला.

यंदाच्या तपासणीत डाव्याच बाजूला एक ठिपका दिसला. तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट सोमवारी. म्हणून मी शनिवारी आले होते, म्हणून रविवारी अण्णांनी उगाचच गाडी सुरू करून बघितली होती, आणि म्हणून त्या आवाजानं माझी बोटं मोजायला लागली होती.

सोमवारी सकाळी आई सरळ स्टिअरिंगकडे गेली. अण्णा म्हणाले, "आज मी घेतो." आई म्हणाली, "आज तर मुळीच नाही. तुम्ही आज रस्त्याकडे बघणार आहात का?" जाताना घोटीच्या पुढे एक कंटेनर आडवा आला तेव्हा अण्णांनी रिकाम्या जागेवर इतक्या जोरात पाय दाबला की आई म्हणाली, "अहो, तिथं ब्रेक नाही."

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.  मग चष्मा काढून म्हणाल्या, "जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे तो. बाकी काही नाही. पण नजर ठेवायला हवी. सहा महिन्यांनी पुन्हा या." आई म्हणाली, "येते."  जिन्यात अण्णांनी कठडा धरला आणि मिनिटभर तसेच उभे राहिले.

सहा महिने. मग पुन्हा सहा महिने. ही काळजी आता आमच्या घरात राहायलाच आली आहे. तिला काढून टाकता येईल असा काही जोड युसूफभाईंकडेही मिळत नाही.

परत निघालो. आईच चालवत होती. विल्होळी मागे पडलं आणि पाऊस लागला. वाडीवऱ्ह्याच्या पुढे तो इतका वाढला की मी सवयीनं पुढे सरकून म्हणाले, "आई, जरा हळू…"

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शेजारी अण्णा मान खिडकीला टेकवून झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवरून घसरून बाकावर पडलेले. या गाडीत अण्णांना झोपलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आईनं डावा हात उचलला आणि आवाज होऊ न देता, अगदी सावकाश, गिअर बदलला.